नियम एक्केचाळीस: निळी होडी, निरुपद्रवी

बंदराच्या टेहळणी खोलीत सव्वीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. घरी भांडी घासतानासुद्धा खिडकीखाली कुठली गाडी थांबली, किती वेळ थांबली, कोण उतरलं, याची मनात नोंद होत राहते. दुर्बीणबाई या खोडीला कर्तव्यदक्षता म्हणत. त्यांच्या सासूबाई तिला नसत्या चौकशा म्हणत.

दुर्बीणबाई हे नाव त्यांना पहिल्याच वर्षी पडलं. नवी नोकरी, गळ्यात कामावरची दुर्बीण. तो मान त्यांना इतका चढला की एकदा ती तशीच गळ्यात घालून त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "बाई, दात मला दिसतोय. तुम्ही नाही बघितलात तरी चालेल." ही गोष्ट त्यांनी स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगितली, म्हणून नावही टिकलं. खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, तिन्ही बाजूंना काच. काचेवर उन्हासाठी चिकटवलेला कागद कोपऱ्यात सुटलेला, एका खुर्चीचं एक चाक गेलेलं, आणि ती खुर्ची नेमकी उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला. बाई कधीच उशिरा येत नसत. समोर पडदे मांडलेले. एकावर रडारचे ठिपके, एकावर कॅमेऱ्यांची चित्रं, एकावर मोठी जहाजं स्वतःहून कळवतात ती माहिती: नाव, वेग, कुठून कुठे. तिन्हींचा मेळ घालायचा तो डोक्यात. रडारवर ठिपका आहे पण कॅमेऱ्यात काही नाही, म्हणजे ओहोटीला तिसऱ्या तरंगत्या बोयावर बसलेले पक्षी. फेरीबोट वळणावर आत घुसली, म्हणजे आज तिचा कप्तान उशिरा उठला. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते बाईंच्या डोक्यात होतं आणि आपलं डोकं ही बंदराची मालमत्ता आहे, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं.

मग यंत्र आलं.

यंत्रासोबत एक इंजिनियर आली. तिशीतली, डोळ्यांवर झोप, बोलायला गोड. तिने सांगितलं, "बाई, आता तीन पडदे बघायचे नाहीत. रडार, कॅमेरे, जहाजांचे निरोप, तिघांची साक्ष यंत्र एकत्र करेल. त्यात भरती-ओहोटी, वारा, फेऱ्यांच्या वेळा मिसळेल, आणि एकच चित्र देईल. हिरवं म्हणजे नेहमीचं. पिवळं म्हणजे लक्ष द्या. तांबडं म्हणजे उठा."

"आणि हिरव्याकडे?"

"हिरव्याकडे बघायचंच नाही. त्यासाठीच तर आणलंय."

पहिल्या दिवशी यंत्राने एकशे चाळीस वेळा तांबडं दाखवलं. पक्षी तांबडे, तरंगता कचरा तांबडा, फेरीबोट तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तांबडी. बाईंना आतून उकळ्या फुटत होत्या, पण चेहऱ्यावर त्यांनी काळजी ठेवली.

"यंत्राला डोळे आहेत, बाई," इंजिनियर दमून म्हणाली. "पण इथलं काही माहीत नाही. कोण कधी येतं, कोण कुठे रेंगाळतं, कशाला घाबरायचं नाही. ते तुम्ही सांगा. मी नियम करून घालते."

"म्हणजे सासूबाईच की," बाई म्हणाल्या.

इंजिनियरला कळलं नाही. बाईंनी समजावलं. सासूबाईंना गेली सहा वर्षं दिसत नव्हतं, म्हणजे उजेड-अंधार एवढंच. पण घरात कोण आलं हे त्या कुणी बोलायच्या आधी सांगत. लिफ्टचं दार दोनदा आपटलं, म्हणजे वरचा घाईतला माणूस. जिन्यात बादलीची कडी वाजली, म्हणजे आपला मुलगा. कडी वाजली पण वास नाही, म्हणजे आज मासा लागला नाही, तोंड पाडून येतोय, चहा टाक. आवाज, वास, घड्याळाचे ठोके आणि साठ वर्षांची माहिती, सगळं एकत्र.

इंजिनियरने हे वहीत उतरवून घेतलं. बाईंना वाटलं, आपण विज्ञानाला काहीतरी दिलं.

तीन आठवडे दोघी शेजारी बसल्या. बाई सांगायच्या, इंजिनियर टंकायची. रोज नियम वाढायचे आणि रोज तांबडं कमी व्हायचं. बाईंची मान ताठ होत चालली. इतकी वर्षं जे डोक्यात होतं ते कुणीतरी लिहून घेत होतं, आणि लिहून घेणारी मध्येच "वा, बाई" म्हणत होती. असं माणूस घरी कुठे भेटतं?

चाळीस नियम झाले, आणि एका शनिवारी दुपारी पडद्यावर दगडी बांधाच्या टोकाशी एक तांबडा ठिपका उमटला.

बाईंनी तो बघितला, आणि कॅमेऱ्याचं चित्र मोठं करायचं टाळलं.

ती निळी होडी त्यांना चांगली ठाऊक होती. होडीत छत्री उघडून, गळ टाकून बसलेला गृहस्थ त्याहून जास्त ठाऊक होता. ते त्यांचे यजमान. गावभर भूगोलसर. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत सागरी प्रवाह शिकवले. जगातला कुठला प्रवाह थंड आणि कुठला उष्ण हे ते झोपेत सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी होडी घेतली आणि नांगराची गाठ पुस्तकातून शिकले. दर मंगळवारी आणि शनिवारी ते बांधाच्या टोकाशी जाऊन बसत. पिवळ्या बोयांच्या बाहेर बसायला परवानगी होती. सर थोडे आत बसत, कारण मासे आत होते.

बाईंनी घरी दहादा सांगून बघितलं होतं. "अहो, बोयांच्या बाहेर बसत जा."

"बाहेर मासे नसतात."

"आत बायकोची नोकरी असते."

"मग तर आतच बरं. कुणी विचारलं तर ओळख सांगता येईल."

आता तांबडं लागलं की गस्तीची बोट जाणार, गस्तीवाले नाव विचारणार, आणि सर अभिमानाने ओळख सांगणार. आठवड्यातून दोनदा. सगळ्या खोलीपुढे. बाईंना पुढचं सगळं दिसलं. ही असली दूरदृष्टी त्यांच्याकडे भरपूर होती.

"हे लिहा," त्या शांतपणे म्हणाल्या. "लहान निळी होडी, एक माणूस, बांधाच्या टोकाशी. मंगळवार, शनिवार, तीन ते साडेपाच. निरुपद्रवी."

"नक्की निरुपद्रवी?"

"त्याबद्दल मी लिहून देते."

"वेळेत सूट किती देऊ? पाव तास?"

बाईंना लग्नाची तीस वर्षं आठवली. लग्नाच्या दिवशीसुद्धा नवरा उशिरा आला होता. "पाव तासात काय होतंय? तीन तास द्या. अशी माणसं वेळ पाळत नाहीत."

"कशी माणसं?"

"निवृत्त."

"आणि जागा? किती सरकते होडी?"

"सरकते थोडी. चारशे मीटर धरा."

इंजिनियर थबकली. "चारशे म्हणजे बाई, अगदी मोठ्या जहाजांच्या वाटेच्या कडेपर्यंत जातं वर्तुळ."

"कडेपर्यंतच ना? आत नाही ना जात?"

इंजिनियरने लिहिलं. नियम एक्केचाळीस. ठिपका हिरवा झाला, आणि बाई पाणी प्यायल्या. आपण खोटं काहीच सांगितलं नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. एकदा पुरलं असतं तर दोनदा कशाला लागलं असतं, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. तो पुढे सुचला.

त्यानंतर दोन महिने सुखाचे गेले. तांबडं दिवसातून एखादं, पिवळी चारपाच. बंदराचे कप्तानसाहेब, जे वर्षातून दोनदाच चांगलं बोलत, ते एकदा खोलीत येऊन म्हणाले, "बाई, छान चाललंय." बाईंनी ते वाक्य घरी नेलं आणि तीन दिवस पुरवून पुरवून सांगितलं. दुर्बीण आता खुंटीला होती. हिरव्याकडे बघायचं नाही, हे त्या इतरांनाही शिकवू लागल्या होत्या.

असाच एक शनिवार. सव्वासहा झाले होते, ऊन अजून काचेवर होतं. धान्य भरलेलं एक मोठं जहाज बंदरात यायला निघालं होतं, त्यावर वाट दाखवणारा पायलट चढलेला होता. पडदा हिरवागार. बाई चहात बिस्कीट बुडवत होत्या आणि ते तुटायच्या आत वर काढण्याचं कसब दाखवत होत्या.

मोबाइल वाजला. घरून.

"सूनबाई, तो कुठे आहे?"

"येतील की. तुम्हाला माहीत नाही का त्यांचं?"

"मला माहीत आहे म्हणूनच विचारतेय." सासूबाईंचा आवाज सपाट होता. "मंगळवारी तो सातलाही येतो, आठलाही येतो. शनिवारी पावणेसहाला येतो. सहाला रेडिओवर त्याची ती जुनी गाणी लागतात. दोन वर्षांत एकदाही चुकला नाही. आज गाणी लागून पंधरा मिनिटं झाली, मी एकटी ऐकतेय."

बाईंच्या हातातलं बिस्कीट तुटलं.

"मघाशी त्याला फोन लावला," सासूबाई पुढे म्हणाल्या, "तर कपाटात वाजला. आणि आणखी एक. दुपारपर्यंत खिडकीचा पडदा माझ्या अंगावर येत होता. तासाभरापासून बाहेर चाललाय. वारा फिरलाय. जमिनीवरून सुटलाय."

बाईंनी पडद्याकडे बघितलं. म्हणजे दोन महिन्यांत पहिल्यांदा हिरव्याकडे बघितलं. निळी होडी बांधाच्या टोकाशी नव्हती. टोकापासून तीनशे सत्तर मीटर दूर होती आणि हळूहळू, अगदी सावकाश, मोठ्या जहाजांच्या वाटेकडे चालली होती. ओहोटी तिकडेच नेत होती, वाराही तिकडेच. रडार बरोबर सांगत होतं. कॅमेरा बरोबर दाखवत होता: होडी, छत्री, एक माणूस, हालचाल नाही. वाऱ्याची नोंद बरोबर होती. सगळ्या साक्षीदारांनी खरी साक्ष दिली होती, आणि यंत्राने ती सगळी बाईंच्या एका वाक्यापुढे गुंडाळून ठेवली होती. निरुपद्रवी. वेळेत सूट तीन तास. जागेत सूट चारशे मीटर.

आणखी तीस मीटर गेल्यावर तो ठिपका तांबडा झाला असताच. पण तोवर होडी वाटेत असती आणि धान्याचं जहाज तिच्यासमोर. भरलेलं जहाज म्हणजे सायकल नव्हे, ब्रेक दाबला आणि थांबलं. त्याला थांबायला मैलभर पाणी लागतं.

बाईंचं देवाशी बोलणं होतं, पण कामावर असताना नाही. तो त्याच्या पाळीवर, आपण आपल्या, असा त्यांचा शिरस्ता. त्या संध्याकाळी तो मोडला. डोळे मिटायची सोय नव्हती, म्हणून उघड्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "बाबा, शहाणपणा माझा होता. भोग त्यांना देऊ नकोस." आणि उठून, त्या दिवशी खोलीतच बसलेल्या कप्तानसाहेबांच्या टेबलाशी गेल्या.

"साहेब, धान्याच्या जहाजाला वेग कमी करायला सांगा. आणि गस्तीची बोट बांधाकडे काढा. निळी होडी वाटेकडे वाहत चाललीय. नांगर सुटला असणार. माणूस हलत नाहीय."

कप्तानसाहेबांनी पडद्याकडे बघितलं. "बाई, ती हिरवी आहे."

"हिरवी मी केलीय."

"म्हणजे?"

खोलीतल्या चौघांचे कान इकडे लागले होते. चाक नसलेली खुर्चीसुद्धा करकरायची थांबली.

"नियम एक्केचाळीस, साहेब. वाटेल ती सूट मी दिली. ते आमचे हे आहेत."

कप्तानसाहेबांनी बाईंकडे एकदाच बघितलं. मग त्यांनी पायलटशी बोलून जहाजाचा वेग उतरवायला सांगितलं, गस्तीच्या बोटीला हुकूम दिला, आणि पुन्हा पडद्याकडे वळले. त्या एका नजरेत जे होतं ते बाईंना शब्दांत नको होतं, आणि शब्दांत मिळालंही नाही.

पुढची नऊ मिनिटं बाई उभ्या होत्या. खुंटीवरची दुर्बीण त्यांनी कधी काढली ते त्यांना आठवत नव्हतं. भिंगात छत्री दिसत होती, काळी, एका बाजूला कललेली. छत्रीखालचा माणूस दिसत नव्हता. तीन तासांची सूट देताना आपल्याला वाटलं होतं की हे प्रेम आहे, समजूतदारपणा आहे. या माणसाची वाट बघणं आपण वीस वर्षांपूर्वी सोडलं, आणि त्यालाच समजूतदारपणा हे नाव दिलं. ज्याची वाट बघायची नसते त्याला कितीही सूट देता येते. हे सगळं त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. सव्वीस वर्षं समुद्राकडे बघून जे कळलं नव्हतं, ते एका काळ्या छत्रीकडे बघून कळलं.

गस्तीची बोट होडीला भिडली. वायरलेस खरखरला. सगळी खोली ऐकत होती.

"माणूस ताब्यात. ठीक आहे. झोपला होता." मग जरा थांबून, गोंधळलेल्या आवाजात: "गृहस्थ विचारताहेत, सहा वाजून गेले का?"

खोलीत कुणीतरी आधी हसलं. मग सगळेच. बाई हसता हसता खाली बसल्या, आणि ती नेमकी चाक नसलेली खुर्ची निघाली.

घरी त्या रात्री सगळे जेवायला बसले. सरांनी एकदा तोंड उघडलं. "प्रवाह ईशान्येकडे होता," ते म्हणाले. "मला ते माहीत होतं."

"तुला माहीत होतं, गाठीला नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, "आणि तू गं, सगळं बंदर सांभाळतेस. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"तुम्हाला कसं कळलं, तेवढं सांगा," बाई म्हणाल्या. "त्यांचा उशीर मलाही माहीत होता."

"तू त्याला सूट देतेस. मी कधीच दिली नाही. साठ वर्षांचा झाला तरी मी मिनिटं मोजते." एवढं बोलून त्यांनी पाण्याचा पेला बरोबर जागेवर ठेवला, न चाचपडता.

सोमवारी बाईंनी अहवाल दिला. 'घटनेचं कारण' या रकान्यात त्यांनी आधी 'चुकीची माहिती' लिहिलं, ते खोडलं, 'जास्तीची सूट' लिहिलं, तेही खोडलं, आणि शेवटी सरळ लिहिलं: 'होडीतले गृहस्थ माझे पती आहेत, हे मी सांगितलं नाही.' खाली, नियम करण्याच्या कामातून मला काढावं, अशी विनंती केली.

कप्तानसाहेबांनी कागद वाचला. "काढत नाही," ते म्हणाले. "तुमच्याइतकं इथलं माहीत कुणाला आहे? पण सगळे नियम पुन्हा तपासा. एक नवा रकाना घाला." वर्षातलं दुसरं बोलणं त्यांनी असं खर्चून टाकलं.

इंजिनियर पुन्हा आली आणि दोघी पुन्हा शेजारी बसल्या. नवा रकाना होता 'सांगणाऱ्याचं नातं.' बाईंना वाटलं होतं, तो एकाच ठिकाणी भरावा लागेल. पण त्रेसष्ट नियम एकाखाली एक वाचत गेल्यावर तो जागोजाग भरावा लागला. फेरीबोटीला भरपूर सूट: तिचा कप्तान रोज खिडकीकडे बघून हात करतो. पायलटच्या बोटीला सूट: त्याची बायको बाईंची मैत्रीण. आणि गाळ काढणारी बोट मात्र गेले दोन महिने दिवसभर पिवळी, कारण तिला बाईंनी एक मिनिटही दिलं नव्हतं.

"हिच्याबद्दल काय लिहू?" इंजिनियरने विचारलं.

बाईंनी विचार केला. "तिचा चालक मला आवडत नाही."

"का?"

"कारण आठवत नाही. लिहा तसंच."

इंजिनियरने लिहिलं. यंत्र सगळं जोडतं, वारा आणि पाणी आणि घड्याळ, आणि त्यात बाईंचा रागलोभही इमानदारीने जोडत होतं. बाईंना त्याची दया आली. आपल्याकडून शिकलं, बिचारं.

नियम एक्केचाळीस शेवटी उरला. "सूट किती, बाई?"

"घरी विचारून सांगते," बाई म्हणाल्या, आणि खरंच विचारून आल्या. "दहा मिनिटं. त्यातली पाच बादली धुण्याची. जागा पन्नास मीटर, पिवळ्या बोयांच्या बाहेर."

"आणि नातं?"

"पती. ठळक अक्षरांत."

पुढच्या शनिवारी सर बोयांच्या बाहेर बसले. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, गळ्यात. गाठ गस्तीवाल्यांनी शिकवलेली. साडेपाच झाले, पाच चाळीस झाले, आणि पाच एक्केचाळीसला ठिपका पिवळा झाला. सगळ्या खोलीने तो पाहिला.

बाईंनी कामाच्या फोनवरून नंबर लावला.

"टेहळणी खोलीतून बोलतेय. निळी होडी, आपली वेळ संपली आहे."

"अगं, एकच मिनिट. आत्ता ओढ लागलीय."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. खाली पाण्यावर छत्री सरळ उभी होती. एक मिनिट द्यायला काहीच हरकत नव्हती, कुणाला कळलंही नसतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी वाट बघतेय."

पलीकडून गळ गुंडाळल्याचा आवाज आला, आणि बादलीची कडी वाजली.